फ्लॉपी रिकामी कशी धाडायची

मनिषा: धर गं नीट ती साडी, गच्चीवरच्या वाऱ्यानं उडतीया. चीक गार झाला की सोऱ्यातनं तार तुटती, मग कुरडई न्हाय, नुसता चुरा पडतो. ध्यान कुठं हाय तुझं?

योगिनी: रस्त्याकडं.

मनिषा: रस्त्यात काय ठेवलंय एवढं?

योगिनी: हे बारामतीहून निघालेत. मघाशी फोन आला होता. दुधाच्या टेम्पोत कॉम्प्युटर टाकून आणतायत. आक्का, टेम्पो आपल्या घराशी वळला तर तो घरात येईल. सरळ गेला तर इंदापूरला, दुकानात. मग काही परत यायचा नाही.

मनिषा: भावजींनी घेतलाच हुता दुकानासाठी. ठिबकच्या नळ्यांची बिलं करायला. तूच म्हणलीस, जरा दिवस घरात ऱ्हाऊ द्या, माझा हात बसू द्या. त्यो जरा दिवस दिवाळीपास्नं चाललाय.

तानूबाई: आगं, त्यो कावळा बघ कोपऱ्यात! हाड्! हाड् मेल्या! ...व्हय गं योगिनी, काय म्हणला रविराज? मशीन जितं झालं का न्हाय?

योगिनी: जिवंत झालं, आत्या. पण आतलं सगळं पुसलं गेलंय. क्लासच्या सरांनी काल दिवसभर खटपट केली. व्हायरसनं काही म्हणजे काही ठेवलेलं नाही.

तानूबाई: तुझ्या रांगोळ्या?

योगिनी: त्याही गेल्या. शनिवारी छापखान्यात द्यायच्या होत्या. पुस्तकाचं मुखपृष्ठसुद्धा त्यांनी करून ठेवलंय, माझं नाव घालून. आणि हे फोनवर म्हणतात कसे, पुस्तकच नाही तर मशीन घरात कशाला पाहिजे, शोभेला?

मनिषा: चुकीचं काय बोललं? शोभेलाच हुतं की. वर झालरीचं झाकण काय, पुढं पाट काय. आमच्या लग्नातल्या शालूला आसलं झाकण कधी मिळालं न्हाय.

योगिनी: धूळ बसू नये म्हणून होतं ते, आक्का.

तानूबाई: म्या तवाच बोलले हुते. दृष्ट लागली. लिंबू-मिरची बांधली हुती मशीनला, ती हिनं सोडून टाकली.

योगिनी: मिरचीचं पाणी गळत होतं त्या बटनांवर. आत्या, व्हायरस म्हणजे दृष्ट नाही हो.

तानूबाई: मग काय हाय? समजाव की मला. आमी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. शकुबाई खोकत हुती तर तिला दारातनंच लावून दिली, ती आजून माझ्याशी बोलत न्हाय. येवढं सवळं पाळलं, तरी रोग शिरला कुठनं?

योगिनी: माणसाच्या खोकल्यानं नाही होत. बाहेरच्या फ्लॉपीतून येतो. दुसऱ्या कुठल्या मशीनला रोग असला की तो तिथं घातलेल्या फ्लॉपीत उतरतो. तीच फ्लॉपी आपल्याकडं घातली की आपल्याला होतो. तेसुद्धा लगेच कळत नाही. आत गप्प बसून राहतो, आणि त्याच्या मनात येईल त्या दिवशी सगळं खातो.

तानूबाई: आता कसं! हे आदी सांगायचं. माझ्या सासऱ्याची मेंढरं हुती तवा बाजारातनं आणलेला मेंढा कवा थेट कळपात सोडला न्हाय त्यांनी. जाळीच्या बाहेर निराळा बांधायचा. त्याची लाळ बगायची, खूर बगायचं, मग आत.

योगिनी: तेच, आत्या. अगदी तेच मी सगळ्यांना सांगत होते. बाहेरची फ्लॉपी आली की आधी तपासायची, मगच उघडायची. तपासायचं औषध होतं माझ्याकडं. जुनं झालं होतं थोडं, बारामतीहून नवीन आणायचं राहिलं.

तानूबाई: आन् तू येक निराळी ठेवली हुतीस ना? रांगोळ्यांची फ्लॉपी? जपून?

योगिनी: ठेवली होती.

तानूबाई: मग ती काढ की!

योगिनी: आत्या, गुढीपाडव्याला तुम्ही मशीनची पूजा केलीत. शेजारी त्या फ्लॉप्याही मांडल्यात.

तानूबाई: मांडल्या की. चांगलं हळदी-कुंकू वाहिलं.

योगिनी: त्यांचं पत्र्याचं दार सरकवून आत वाहिलंत. सगळ्यांच्या. काल बाहेर काढल्या तेव्हा कळलं मला.

तानूबाई: आगं, मला वाटलं त्यो गाभारा हाय.

मनिषा: ह्या ह्या ह्या! आत्या, कमाल केलीत तुमी. अक्षता बी टाकल्या का?

योगिनी: तुम्हाला हसू येतंय, आक्का.

मनिषा: मग काय रडू? तू काल रडलीस ते पुरं की. घरात सुतक पडल्यावानी दोन दीस कुणी धड जेवलं न्हाय. म्या गहू भिजवलं, वाटलं, चीक काढला, पहाटं उठून चुलीवर घोटला, त्याला कुणी इचारलं न्हाय. समदी आपली मशीन, मशीन.

तानूबाई: थोरले, तुझं तोंड जरा जास्तच सुटलंय आज. दुसऱ्याचं गेलं की आसं बोलू नये. मला तर वाटतंय, दृष्ट बाहेरची न्हवंच.

मनिषा: आलं का? मी वाटच बगत हुते. सरळ माझं नाव घ्या की, आत्या. थोरलीची दृष्ट लागली म्हणा.

तानूबाई: म्या नाव घेतलं का?

मनिषा: घ्यायला कशाला पायजे? व्हय, बगत हुते मी. जळत हुते म्हणा हवं तर. का जळू नये? तेरा वरसं झाली ह्या घरात येऊन मला. रोज सडा घालून दारात रांगोळी काढते. कुणाच्या दारात येवढी मोठी नसती आळीत. बाया पाण्याला जाताना थांबायच्या, घागर कंबरंवर तशीच. 'मनिषे, ही कुठनं शिकलीस? आमाला येकदा कागदावर काढून दे.' मी सांगायची, कागदावर न्हाय येत मला, हात मातीत असला की येती. आन् आता?

योगिनी: आता काय?

मनिषा: आता त्याच बाया माझी रांगोळी वलांडून तुझ्या खोलीत शिरत्यात. पाय पडला तर पडला. आन् तितं काचंवर तीच रांगोळी बगून म्हणत्यात, अगं बाई, काय सुरेख! तीच! माझ्या दारातली! वर मला हाळी, आक्का, पाच कप चहा टाका. मी चहा घेऊन आत यायची तर तू मान सुदीक वळवत न्हवतीस. 'ठेवा तिथं.' ठेवा तिथं! जशी मी हाटेलातली.

योगिनी: मी असं कधी—

मनिषा: रोज.

योगिनी: मी सांगितलं होतं बायकांना, की काही रांगोळ्या आक्कांच्या बघून काढल्यात.

मनिषा: येकदा. रतन आली हुती तवा. तेबी ती जायला निघाल्यावर, तिच्या पाठीला. आन् पुस्तकावर नाव कुणाचं? तूच म्हणलीस आत्ता. 'माझं नाव घालून.' मनिषाचं न्हाय पडलं त्यात.

योगिनी: आक्का, ठिपके मांडून, एकेक रेघ माउसनं ओढून ते चित्र करायला किती वेळ लागतो माहितीये? नुसतं बघून होत नाही ते. माझी पाठ गेली, डोळे गेले.

मनिषा: आन् ती सुचायला काय लागतं ते ठावं हाय का तुला? काढलीस म्हणतीस, पण नीट तरी काढायची. त्या मोराची तर मान मोडून ठेवलीस. माझा मोर मागं वळून बगतो, त्यातच त्याचा रुबाब हाय. तुझा बगतोय पुढं, दाणं टिपणाऱ्या कोंबडीवानी.

योगिनी: ...मोर?

मनिषा: मोरच. पुढचं पातेलं दे हिकडं. तार तुटायला लागली.

योगिनी: आक्का, माझा मोर पुढं बघतो हे तुम्हाला कसं कळलं?

मनिषा: दिसला आसंल कवातरी. चहा आणते की मी.

योगिनी: मोर मी कुणाला दाखवलाच नाही. मान साधत नव्हती म्हणून वेगळ्या नावानं लपवून ठेवला होता. ह्यांनासुद्धा माहीत नाही. कुठं बघितलात तुम्ही तो?

मनिषा: चीक गार व्हतोय.

योगिनी: होऊ दे.

तानूबाई: थोरले. बोल काय ते.

मनिषा: काय बोलू? ...शिमग्याला मी पणदऱ्याला गेले हुते ना, माहेरी. तितं गोकुळदादानं कॉम्प्युटर घेतलाय. लग्नाच्या पत्रिका करतो त्याच्यावर. सारजावैनी मला त्यो आसा दावायला लागली, जशी मी जल्मात विजेचा दिवा बगितला न्हाय. 'वन्सं, हे आसं असतं, वन्सं, ह्याला हात नका लावू.' माझ्या बापाच्या घरात मला सांगती, हात नका लावू. माझ्या तोंडातनं गेलं.

योगिनी: काय गेलं?

मनिषा: म्हणलं, आमच्याकडं बी हाय. मीच चालवते.

तानूबाई: आगं बया!

मनिषा: मग ती गप झाली. लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण निघताना तिनं शेंगोळ्यांचा डबा भरून दिला, आन् वर ठेवली फ्लॉपी. 'ह्याच्यात पत्रिकंची नक्षी हाय. घरी चालवून बगा, कशी झालीया सांगा, आन् डब्यासंगं परत धाडा.' पारखतच हुती मला. आता मी काय करू? डबा आला भरून, त्यो रिकामा परत धाडत न्हाईत. मूठभर गूळ तरी घालतो आपुन. मग फ्लॉपी रिकामी कशी धाडायची?

योगिनी: तुम्ही... मशीन लावलंत?

मनिषा: तू बारामतीला गेली हुतीस, आत्या मळ्यात. लावलं.

योगिनी: त्याला मी शब्दाचं कुलूप घातलं होतं. मुद्दाम.

मनिषा: रोज येकेका बोटानं हाणतीस त्यो शब्द, आन् मागं मी चहा घेऊन हुबी. बोटं कुठं पडत्यात ते पाठ झालं. बाकीचं बी तसंच. कुठं दाबलं की चित्र उघडतं, कुठं दाबलं की फ्लॉपीत जातं. तू वळून बगत न्हवतीस, पण मी बगत हुते की.

योगिनी: फ्लॉपी आधी घातलीत का मशीन आधी लावलंत?

मनिषा: फ्लॉपी आदी. पडदा काळाच ऱ्हायला, वर कायतरी इंग्रजी आलं. मग ती काढली, परत बटन दाबलं, तर लागलं सुरळीत. मग परत घातली.

योगिनी: तिथंच शिरला. फ्लॉपी आत ठेवून मशीन लावलं की पहिल्यांदा ते फ्लॉपीच वाचतं. देवा! आणि त्यानंतर इतके दिवस तो आत बसला होता, आणि मी बसले होते रांगोळ्या काढत.

मनिषा: मला काय ठावं, तिच्या फ्लॉपीत रोग हाय? शेंगोळं तर चांगलं हुतं.

योगिनी: विचारायचं नाही का मला? एका शब्दानं?

मनिषा: तुला इचारायचं? तू म्हणली असतीस, आक्का, तुम्हाला नाही जमायचं. येकदा म्हणलीस बी तसं.

योगिनी: आणि फ्लॉपीत काय घातलंत तुम्ही? रिकामी धाडायची नाही म्हणून?

मनिषा: ...रांगोळ्या.

योगिनी: कुठल्या?

मनिषा: हुत्या त्या समद्या. माझ्याच तर हुत्या. मोर बी निघाला त्यात. त्याची मान बगून कसंतरी झालं मला. जरा वळवली. आन् खाली नाव काढलं, माउसनं. मनिषा. लई वाकडं आलं. मग दिली धाडून.

योगिनी: थांबा, थांबा. म्हणजे माझ्या सगळ्या रांगोळ्या आत्ता पणदऱ्याला आहेत? त्या फ्लॉपीत?

मनिषा: असतील. वैनीनं पुसल्या नसल्या तर.

योगिनी: आणि तुम्हाला हे काल माहीत होतं! मी काल त्या खांबाला टेकून रडत होते, तुम्ही मला पाणी आणून दिलंत. तेव्हाही माहीत होतं!

मनिषा: तवाच सांगणार हुते.

योगिनी: मग?

मनिषा: मग भावजी म्हणलं, इंदापूरला न्हेतो. मला वाटलं, जाऊ दे. जाऊ दे येकदाचं. मशीन गेलं की बाया परत दारात थांबतील. आता तुला काय बोलायचं ते बोल. हे काय मी देवाला बी सांगितलं नसतं.

योगिनी: तुम्ही... माझं इतक्या महिन्यांचं काम... मला बोलवतच नाही, आक्का. ह्या कुरडया सगळ्या तुमच्या अंगावर फेकाव्यात असं वाटतंय.

मनिषा: फेक.

तानूबाई: मागनं फेका! त्यो बघ टेम्पो. कालव्याच्या पुलावर. पांढरा. रविराजच हाय, वर गोधडी बांधलीया.

योगिनी: मी जाते. थांबवते.

मनिषा: तू ऱ्हा हितं. तुझ्यासाठी न्हाय थांबायचा, रागात हाय त्यो. मला वलांडून जायची भावजींची छाती न्हाय.

योगिनी: काय सांगणार आहात त्यांना?

मनिषा: जे तुला सांगितलं ते. मधी ड्रायव्हर बी ऐकंल, ऐकू दे. सोड, पदर अडकलाय माझा.

योगिनी: आक्का, पायात चप्पल तरी—

तानूबाई: गेली. दोन-दोन पायऱ्या उडवीत गेली. त्या वयात मी बी... आगं, रस्त्याच्या मधोमध हुबी ऱ्हायली की गं ही!

योगिनी: हातात सोऱ्या आहे, आत्या. सोऱ्या घेऊनच गेल्यात. हालवतायत तो.

तानूबाई: थांबला का?

योगिनी: थांबला. हे खाली उतरले. त्या बोलतायत... हे डोक्याला हात लावतायत... आत्या, हे हसतायत. मला इथं जीव नकोसा झालाय आणि हे हसतायत!

तानूबाई: वहिनी सोऱ्या घेऊन आडवी आली तर रडंल व्हय कुणी? चीक बघ, सगळा गोळा झाला. आता त्याचं काय करायचं?

(दुसऱ्या दिवशी दुपारी. योगिनीची खोली. झाकण काढलेला कॉम्प्युटर, मागं दारात मनिषा, बाजंवर तानूबाई.)

योगिनी: आत या की. दारात का उभ्या?

मनिषा: हितनं दिसतंय. पणदऱ्याहून उन्हातनं आलीया, पाय धुवायचं ऱ्हायलंय. पाय न धुता आत आलं तर परत कायतरी शिरायचं.

योगिनी: पायांनी काही शिरत नाही म्हटलं ना. या. ...सारजावहिनींनी दिली लगेच?

मनिषा: कुठली लगेच! आळीतल्या बाया जमवून बसली हुती. 'ह्या बगा, माझ्या नणंदेनं कॉम्प्युटरवर काढलेल्या रांगोळ्या.' मी दारात पाय ठेवला तर समद्या मला बगायला वळल्या. मग म्हणती, वन्सं, आल्यात तर ह्यांना येक काढून दावा आमच्या मशीनवर. मला घाम फुटला. म्हणलं, आज डोळं आल्यात माझं.

तानूबाई: ह्या ह्या! आन् रोगाचं सांगितलंस का?

मनिषा: सांगितलं. म्हणलं, तुमच्या मशीनला रोग हाय, डॉक्टरला दावा, न्हायतर दादाच्या समद्या पत्रिका जातील. तर ती म्हणती, आमचं मशीन धडधाकट हाय, रोग तुमच्याकडनंच आला आसंल. आता बोला!

योगिनी: उद्या मी स्वतः फोन करते गोकुळदादांना. त्यांचं सगळं जाईल नाहीतर. ...ही घातली फ्लॉपी. मशीन आधी लावलंय, बघितलंत ना? आधी मशीन, मग फ्लॉपी. आणि आता उघडायची नाही. आधी तपासणी. सरांनी नवीन औषध घालून दिलंय.

तानूबाई: जाळीबाहेर बांधली म्हण.

योगिनी: बांधली. बघतोय तो. ...सापडला! हा बघा, लाल ओळ. अगदी सुरवातीलाच बसलाय, दारात.

मनिषा: येवढासा? मला वाटलं, किडा तरी दिसंल.

योगिनी: एवढासाच असतो. ...गेला. साफ म्हणतोय. आता उघडते. आत्या, देवाचं नाव घ्या.

तानूबाई: घेतीया. तू उघड.

योगिनी: गोपद्म... कासव... ही तुळशी वृंदावनाची... शंख... आहेत. आक्का, आहेत सगळ्या! शेवटच्या दोन-तीन तेवढ्या गेल्या, तुम्ही फ्लॉपी दिल्यानंतर काढलेल्या.

मनिषा: त्या मी सकाळी दारात काढते. बगून घे परत.

योगिनी: आणि ही शेवटची—

मनिषा: काय झालं? थांबलीस का? मोर का?

योगिनी: मोर.

मनिषा: आन् खाली ते नाव. केवढं वाकडं दिसतंय, मेलं. शाळंतल्या पाटीवर सुदीक आसं काढलं नसंल मी.

योगिनी: ही मान तुम्ही माउसनं वळवलीत? त्या एका दुपारी?

मनिषा: तुझी एस्टी यायच्या आत करायचं हुतं, म्हणून जरा घाईत झालं.

योगिनी: मी सबंध महिना घालवला ह्या मानेवर. पुसायची, काढायची, पुसायची. मला नाही आली.

मनिषा: मग?

योगिनी: मग काय, आक्का. कालपर्यंत तुम्ही जळत होतात, आज मी जळतेय. आज कशाला, आधीपासूनच. सकाळी तुम्ही दारात बसायचात ना, मी खिडकीतून बघायची. कागद नाही, खोडरबर नाही, चिमटीतून रेघ सुटायची ती थेट जागेवर. मला वाटायचं, हे मला कधीच यायचं नाही. मग मशीन आलं, आणि वाटलं, आता ह्यांना जमत नाही ते मला जमेल. बायका 'काय सुरेख' म्हणायच्या तेव्हा 'आक्कांची आहे' असं अगदी ओठावर यायचं. आणि मी गिळायची. रोज.

मनिषा: चहा ठेवून जाताना मला दिसायचं ते. गिळताना.

योगिनी: दिसायचं?

मनिषा: मानच वळवत न्हवतीस. आसं गिळणारं माणूस मान वळवत न्हाय.

तानूबाई: झालं तुमचं? दोघी बी सारख्याच. मला आपलं वाटत हुतं, दृष्ट येकीचीच हाय.

योगिनी: हे नाव पुसू का, आक्का?

मनिषा: पुस.

योगिनी: खरंच पुसू?

मनिषा: हे वाकडं पुस. सरळ छापून घे. मशीनला येतं न्हवं सरळ?

योगिनी: येतं. पुस्तकावर दोघींची नावं घालायला सांगते.

मनिषा: पुढं कुणाचं?

योगिनी: तुमचं. वयानं मोठ्या तुम्ही.

मनिषा: वयानं नको.

योगिनी: मग... मग तुमचं. नुसतं तुमचं पुढं. का ते विचारू नका.

मनिषा: मला न्हाय इचारायचं. तू बायांच्या म्होरं सांग, मी पाच कप घेऊन आत आले की. मान वळवून सांग.

तानूबाई: आन् त्या दिवशी चहा मी करीन. तुमच्या भांडणात माझा काल चुकलाय.

योगिनी: आणि आक्का, कुलपाचा शब्द मी आज बदलतेय. ह्यांनी बजावून सांगितलंय.

मनिषा: बदल की. मी परत मागं हुबी ऱ्हाते, दोन दिसांत पाठ व्हईल.

योगिनी: मागं कशाला? ही खुर्ची घ्या, शेजारी बसा. ...सारजावहिनींना ही फ्लॉपी परत द्यायची ना?

मनिषा: द्यायला पायजे. त्यांची हाय. डबा बी द्यायचाय, आज निघताना तिनं परत भरून दिलाय त्यो. त्यात कुरडया घालते, वाळल्या की. चुरा झाला त्यातल्या न्हाय, चांगल्या.

योगिनी: बरं. मग मी ही पूर्ण कोरी करून देते. आणि हे कोपऱ्यातलं बारकं बटन असतं ना, ते सरकवून ठेवते. म्हणजे तिच्यात पुन्हा कुणाला काही घालता येत नाही. रोगही शिरत नाही.

मनिषा: कोरी? रिकामी कशी धाडायची गं?

योगिनी: मग काय घालू? परत रांगोळ्या?

मनिषा: न्हाय. चिठ्ठी लिव. तुला मराठी लिवता येतं न्हवं ह्याच्यावर?

योगिनी: येतं. सांगा.

मनिषा: लिव. वैनी, मशीन माझं न्हाय. माझ्या जावंचं हाय. मला आजून चालवता येत न्हाय.

योगिनी: ...लिहिलं. एवढंच?

मनिषा: आन् त्याच्या खाली त्यो मोर घाल. मागं बगणारा.

योगिनी: घातला. बटन सरकवू आता?

मनिषा: थांब. मोराच्या खाली लिव, त्यो माझा हाय.